आधी पाणी, मन मागून

आमच्या घरात पिठाचे दोन डबे होते. एक मोठा, रोजच्या भाकरीचा. दुसरा डालड्याचा, त्यावरचं ताडाचं झाड निम्मं खरवडून गेलेलं. आजी भाकऱ्या थापायला बसली की आधी मोठ्या डब्यातून ज्वारीच्या पिठाची एक मूठ काढायची, लहान डब्यात टाकायची आणि मगच काठवट पुढे ओढायची. ती मूठ प्रभूची. घरात पाहुणे असोत, पीठ संपत आलेलं असो, मूठ चुकायची नाही. फक्त मुठीचा आकार महिनाअखेरीला जरा आवळायचा, हे मी लहानपणीच टिपलं होतं.

जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळीत बायका अशी मूठ बाजूला ठेवत आणि रविवारी देवळात नेऊन देत. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पण आम्ही राहायचो त्या शिरड शहापुरात आमचं देऊळ नव्हतं. तशी देवळं गावाला कमी नाहीत. मल्लिनाथाचं दिगंबर जैन मंदिर तर असं की लांबलांबचे यात्रेकरू गाड्या करून येतात, आणि औंढ्याचा नागनाथही फार लांब नाही. पण गावात ख्रिस्ती घर म्हणजे आमचंच एक. मग डबा भरला की पीठ जायचं कुठे?

ते दारात पहिला येईल त्याला जायचं. बहुतेक वेळा तो वासुदेव असायचा. पहाटे मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, तोंडात विठ्ठलाचं नाव. आजी डबा त्याच्या झोळीत उपडा करायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. विचारलं, "आजी, तो तर विठ्ठलाचं म्हणतो."

"म्हणू दे की."

"मग प्रभूचं पीठ त्याला?"

"पीठ प्रभूचं हाय ना? मग कुणाला द्यायचं ते तो बघंल. मी कामून मधी तोंड घालू?"

आजोबांना हे पटायचं नाही. ते शिक्षक, नियमाचे माणूस. मूठ मंडळीची आहे, मंडळीलाच गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पीठ विकून पैसे जालन्याला मनीऑर्डरनं पाठवावेत, अशी त्यांनी एकदा सूचना केली. आजीनं मनीऑर्डरचं कमिशन किती, पीठ किती, असा हिशेब तोंडी मांडला आणि म्हणाली, "म्हणजे पोस्टमन जेवणार. त्यापरीस वासुदेव जेवू दे." विषय संपला.

1962 साली जिल्हा परिषदा झाल्या, त्यानंतर वर्षभरात आजोबांची बदली शिरडला झाली. तेव्हा जिल्हा परभणी. घर मिळालं ते एका जैन कुटुंबाच्या वाड्यात, दोन खोल्या आणि पडवी. अट एकच: घरात मटण-अंडं शिजायचं नाही. आजोबा घुटमळले, आजी नाही. म्हणाली, "आपल्या पंडिता रमाबाई विलायतेत राहून शाकाहारी राहिल्या. मला शिरडात काय होतंय?" मालकीणबाईंना रमाबाई कोण ते माहीत नव्हतं, पण उत्तर आवडलं. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. त्या दिवसापासून पुढची पस्तीस वर्षं आजी आणि काकूंचं जे गूळपीठ जमलं, ते दोघींच्या नवऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

गावाला मात्र आम्ही कळायला वेळ लागला. आमच्यात भेटल्यावर 'सलाम' म्हणतात. आजोबांनी पहिल्या दिवशी शाळेत सलाम म्हटलं. "मास्तर मुसलमान का?" "नाही, ख्रिस्ती." "म्हणजे इंग्रजाचे?" निझामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकलेला, घरी पवित्र शास्त्र वाचून वाचून मराठी पक्कं केलेला हा काळासावळा माणूस इंग्रजांचा कसा, हे कुणी विचारलं नाही.

रविवारची उपासना पडवीत. सतरंजी, मधे कंदील, पुढे वीज आल्यावर चाळीसचा बल्ब, आजोबांच्या हाती 'उपासना संगीत' हे गाण्यांचं पुस्तक, आजीच्या हाती टाळ. मंडळी म्हणजे आम्ही पाच जण. एकदा काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, अभंग चांगला होता. कुणाचा?"

"टिळकांचा."

"लोकमान्यांनी अभंग पण लिहिले?"

आजोबांना हसू आवरेना. मग त्यांनी नारायण वामन टिळकांची सगळी गोष्ट सांगितली. करजगावात 1861 साली जन्म, कवी, फिरता माणूस. 1893 मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थानं दिलेला नवा करार. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते म्हणत. म्हणून गाणी इंग्रजी चालींवरची न लिहिता अभंग लिहिले, भजनं लिहिली. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि बायको?"

बायकोचं नाव लक्ष्मीबाई, आणि तिचं पुस्तक आमच्या फळीवर होतं. पुढचा सगळा पावसाळा दुपारी आजी 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचायची आणि काकू वाती वळत ऐकायच्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं, इथे काकूंना पोटात दुखेपर्यंत हसू आलं. स्वतः त्या दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत, पाणी गाळल्याशिवाय वापरायच्या नाहीत. पण मीठ धुणं म्हणजे जरा जास्तच, असं त्यांचं मत पडलं.

पुढचा भाग आला तेव्हा हसू थांबलं. नवरा ख्रिस्ती झाला, बायको काही वर्षं वेगळी राहिली. मग मुलाला घेऊन त्याच्याकडे आली, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. धर्माबद्दल नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही. एक दिवस तिचा तिलाच प्रश्न पडला की जात देवानं केली की माणसानं, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं ठरवून ती मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. काकू वाती वळायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हिचं मन आधी गेलं, पाणी मागून पडलं."

आजी म्हणाली, "आमच्याकडं उलटं झालं. आधी पाणी, मन मागून."

मी तेव्हा पडवीतच गोट्या खेळत होतो. या वाक्याचा अर्थ विचारायला मला आणखी दहा-अकरा वर्षं लागली, आणि तीही एका शिवीमुळे.

औरंगाबादला कॉलेजात होतो. वसतिगृहात भांडण कशावरून झालं ते आता आठवत नाही, बहुधा बादलीवरून. समोरचा म्हणाला, "तुमचं काय, पोटासाठी बाटलेली माणसं." मी त्याच्या अंगावर गेलो, पण रात्री झोप लागली नाही. कारण ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं. दिवाळीत घरी आलो आणि आजीला सरळ विचारलं. मला वाटलं ती चिडेल. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं हाय त्याचं."

मग तिनं तिच्या मायची, म्हणजे माझ्या पणजीची, गोष्ट सांगितली.

1899-1900 चा दुष्काळ. पणजी सात वर्षांची. बाप आधीच गेलेला. तिची आई तिला घेऊन परतूरकडून जालन्याला चालत आली, कारण जालन्याला मिशनवाले खायला देतात असं कानावर आलं होतं. गाठोड्यात एक वाटी, एक लुगडं आणि शेंदूर लावलेला लिंबाएवढा दगड. मरीआईचा तांदळा. मिशनच्या आवारात दोघींना भाकरी मिळाली, काम मिळालं, आणि काही महिन्यांनी पाणी मिळालं, म्हणजे बाप्तिस्मा. पोरीची आई पाळकासमोर उभी राहिली. विचारलं त्याला हो म्हणाली. भाकरी देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

तांदळा मात्र तिनं फेकला नाही. ज्वारीच्या मडक्यात तळाला ठेवला. रविवारी देवळात जायचं आणि मंगळवारी दार लावून मडक्यात हात घालायचा, दगडाला हळदीकुंकू लावायचं. मरताना तिनं तो पोरीच्या हाती दिला आणि सांगितलं, हिला उपाशी ठेवू नको.

तोवर पणजीचं लग्न झालं होतं, मंडळीतल्याच मुलाशी. ती लिहा-वाचायला शिकली होती, गाणी तोंडपाठ, बायकांच्या सभेत प्रार्थना करायची. आणि मंगळवारी मडक्यात हात. इतकी वर्षं नवऱ्यालासुद्धा पत्ता नाही. आजी म्हणाली, "माय खोटी नव्हती. तिला दोन्ही खरं वाटायचं. नाहीतर दोन्ही नाही."

मग 1918. मानमोडीची साथ. इन्फ्लुएंझाला लोकांनी दिलेलं हे नाव किती नेमकं होतं, ते आकड्यांवरून कळतं: देशभरात कोटीच्या वर माणसं त्या एका साथीत गेली. पणजीचा तीन वर्षांचा मुलगा तापला. तिनं गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मरीआईला नवसही बोलला. तिसऱ्या दिवशी पोर गेलं.

घरात कुणी पाऊल ठेवेना. नवरा स्वतः तापात. संध्याकाळी पाळकाची बायको आली. तिनं पाणी तापवलं, पोराला मांडीवर घेऊन धुतलं, कपाळावरचे केस नीट बसवले. पणजी भिंतीला टेकून तिच्या हातांकडे बघत होती. या बाईचं स्वतःचं लेकरू आठ दिवसांमागं याच तापानं गेलं होतं.

"मायला मी विचारलं होतं," आजी म्हणाली. "तुला विश्वास कधी बसला? म्हणली, तवा. पोरगं जगलं असतं तर मला वाटणी करावी लागली असती. नवस हिचा फेडायचा का त्याचे उपकार मानायचे, अर्धं अर्धं करत बसले असते. ते गेलं, हिशेबच मिटला. त्या बाईचा पण मिटला होता. तिनं काय कमी प्रार्थना केली असंल? तरी ती आली. ती कशाच्या जोरावर आली, ते मला पाहिजे होतं."

"आणि दगड?"

"साथ ओसरल्यावर कुंडलिकेत सोडला. फेकला नाही, सोडला. अठरा वर्षं ज्याच्याशी बोललो त्याला फेकून देतेत का? वेशीपर्यंत पोचवायचं, पाहुण्यासारखं. हळदीकुंकू लावून सोडला म्हणली."

हे ऐकून मी पंथाच्या शुद्ध-अशुद्धतेबद्दल काहीतरी बोललो असेन, कारण आजीनं माझ्या हातात शेंगांचं सूप दिलं आणि पाखडायला सांगितलं.

पणजी ज्या जालन्याला चालत आली, त्याच जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. तिच्या मागे नारायण शेषाद्री उभे आहेत. देशस्थ ब्राह्मण घरातला मुलगा, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला, 1843 मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे जालन्याला आला आणि सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यानं बेथेल वसवलं. तिथे राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार. ब्राह्मणाच्या मुलानं मांगांसाठी गाव वसवणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती, हे आज नीट कळणारही नाही.

पण मला जास्त आठवते ती या शेषाद्रींच्या धाकट्या भावाची गोष्ट. श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा. भावामागे तोही मिशनऱ्यांकडे गेला. वडील कोर्टात गेले, आणि कोर्टानं मुलगा अज्ञान म्हणून वडिलांच्या ताब्यात दिला. मग दुसरा वाद पेटला: मिशनऱ्यांकडे राहून जेवलेल्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. या सगळ्या गदारोळात कोर्टानं त्याचं वय मोजलं, शास्त्रीमंडळींनी तो काय जेवला ते मोजलं. पोराच्या मनात काय होतं, ते कोणत्या तराजूत घालणार?

मिशनची जुनी नोंदवही मी एकदा पाहिली आहे. नाव, बापाचं नाव, गाव, वय, पूर्वीची जात, बाप्तिस्म्याची तारीख. सुबक अक्षर. दुष्काळाच्या वर्षांत पानंच्या पानं भरलेली. शिवी देणाऱ्याचा पुरावा तोच, आणि मिशनच्या अहवालातला अभिमानाचा आकडाही तोच. पणजीचं नाव 1900 मध्ये सापडेल, पण 1918 च्या त्या संध्याकाळचा रकाना त्या वहीत नाही.

'आधी पाणी, मन मागून' म्हणण्यात आजी मात्र एकटी नव्हती. तिच्या बाजूनं साक्षीला तिनं ज्यांना उभं केलं, त्या साध्यासुध्या नव्हेत. "पंडिताबाईंना सुद्धा आठ वर्षं लागली," ती म्हणाली. मला वाटलं सांगोवांगी असेल. नंतर वाचलं, तर अक्षरशः खरं.

रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, 1876-77 च्या सुमाराला, तीर्थाटन करता करता, पुराणं सांगत, देवळादेवळांतून दान करत. देवाला जे जे द्यायचं ते सगळं दिलेलं कुटुंब. विद्वत्तेनं ही मुलगी पंडिता झाली, विधवा झाली, इंग्लंडला गेली आणि 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला. पण तो भाकरीचा नव्हता, बुद्धीचा होता. आणि बुद्धी गप्प बसेना. वाँटेजच्या मठातल्या जेराल्डीनबाईंशी त्यांची पत्रापत्री वाचावी: त्रैक्य पटत नाही, बिशप सांगतो म्हणून कशाला मानू, क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नको? गुरुस्थानी असलेल्या बाईला घाम फुटेल असे प्रश्न. मला तर ही पत्रं त्यांच्या सगळ्या लिखाणात सर्वांत जिवंत वाटतात.

मग 1891 च्या सुमाराला, शारदा सदन चालवत असताना, त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त पडलं. हा हॅस्लम नमुनेदार माणूस. कॉर्नवॉलमध्ये रीतसर दीक्षित पाळक, देऊळ बांधलेला, वर्षानुवर्षं उपदेश करणारा. 1851 मध्ये एका रविवारी उपदेश करता करता त्याला स्वतःलाच उमगलं की आपण सांगतो आहोत त्यावर आपला विश्वास अजून बसलेलाच नाही, आणि तो तिथे, व्यासपीठावरच बसला. श्रोत्यांतला एक जण ओरडला, पाळकाचं परिवर्तन झालं! हे वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. 1883 ते 1891. आजीचा हिशेब बरोबर होता.

जॉन वेस्लीचंही तेच. पाळक होऊन दहा वर्षं झालेली, अमेरिकेत मिशनरी म्हणून जाऊन हात हलवत परत आलेला; 24 मे 1738 ला लंडनमध्ये मन नसताना एका सभेला गेला, आणि कुणीतरी लूथरची प्रस्तावना वाचत असताना त्याला आत ऊब जाणवली. पण वेस्ली आजीला माहीत नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती.

तिचा मुद्दा भाषेचाही होता, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही 'विश्वास' म्हणतो. शेजारी 'श्रद्धा' म्हणायचे. आजी गमतीनं म्हणायची, श्रद्धा देवावर ठेवतेत आणि विश्वास वाण्यावर, आपलंच उलटं. वाण्यावरचा विश्वास म्हणजे काय, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. उधारी. तो वहीत खरं लिहील हा भरवसा, आणि सुगीला आपण देऊ हा त्याचा भरवसा. पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनी देवासाठी हा बाजारातला, देवघेवीतला शब्द घेतला. ग्रीक मुळातला शब्दही तसाच आहे, भरवसा आणि इमान दोन्ही पोटात घेणारा. आणि गंमत अशी की 'श्रद्धा' या शब्दाच्या पोटात हृदय आहे असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. 'श्रद्' म्हणजे हृदय, 'धा' म्हणजे ठेवणे. ख्रिस्ती मतांगीकाराचा लॅटिन 'क्रेदो' याच मुळाचा सख्खा भाऊ. म्हणजे शेजाऱ्यांच्या शब्दात आमचं काळीज आणि आमच्या शब्दात त्यांची उधारी. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की तोंडानं कबूल करायचं आणि अंतःकरणात विश्वास ठेवायचा. तो तोंड आधी सांगतो, हे माझ्या पणजीच्या आईला फार सोयीचं झालं असतं.

त्याच दिवाळीत आजी मला औंढ्याला घेऊन गेली. निमित्त काकूंच्या सुनेसाठी बांगड्या घ्यायचं. देवळात ती जायची नाही, पण आवारात मागच्या बाजूला नंदीपाशी सावलीत बसायची. नंदी मागे का, ही गोष्ट तिला गावातल्या कुठल्याही वारकऱ्याइतकी रंगवून सांगता यायची: नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी मागे हाकललं, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेव इथलेच, नरसीचे. पण तिची आवडती गोष्ट विसोबा खेचरांची. नामदेव गुरू शोधत आले तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. पाय काढा म्हटलं तर म्हणाला, तूच उचल आणि जिथे पिंड नाही तिथे ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड उगवायची.

"शोमरोनी बाई," आजी म्हणाली.

मला कळायला क्षणभर लागलं. विहिरीवरची ती बाई येशूला विचारते, भजायचं कुठे, या डोंगरावर की यरुशलेमात? आणि तो म्हणतो, डोंगरावरही नाही, यरुशलेमातही नाही. आत्म्यानं आणि खरेपणानं. आजोबा तिथे असते तर अशी सरमिसळ करू नको म्हणाले असते. मीही आज अभ्यासक म्हणून म्हणेन की दोन्ही गोष्टींचे अर्थ वेगळे आहेत, एकात देव सगळीकडे भरलेला आहे, दुसऱ्यात बाप आपल्याला खरेपणानं भजणारी माणसं शोधतो आहे. पण ती बोलली तेव्हा तिच्या पायाशी चप्पल काढलेली होती आणि तिनं पाय नंदीच्या दिशेला जाणार नाहीत अशा बेतानं पोटाशी घेतले होते.

मी विचारलं, "तुझं मन कधी आलं मग?"

"मी काय दुष्काळातून आले का? मी मंडळीतच जन्मले. आमच्यासारख्यांचं लई अवघड."

एवढंच. मग बांगड्यांचं दुकान बंद होईल म्हणून उठली.

आजोबा 1986 च्या मार्चमध्ये गेले, उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात. त्या दिवसांत आमच्याकडे हळद शिजत असते. शेतोशेती कढया लागलेल्या, वाफेचा तो मातकट-तिखट वास कपड्यांत, केसांत, पाण्यात. आम्हांला पुरतात, आणि गावात आमची दफनभूमी नव्हती. परभणीला न्यायचं की जालन्याला, टेम्पो कुणाचा, असं चाललेलं असताना आजोबांचा एक जुना विद्यार्थी कढईवरून तसाच उठून आला, हात कोपरापर्यंत पिवळे. म्हणाला, मास्तरला कामून फिरवता? माझ्या वावरात कोपरा हाय. पाळक परभणीहून पोचेपर्यंत दुपार झाली. खड्डा गावातल्यांनी खणला. माती देताना काकूंनीही मूठभर टाकली. त्यांच्यात चालतं की नाही ते मी विचारलं नाही. रात्री आजीनं पीठ काढलं तर ती मूठ काढायला विसरली. पहिल्यांदाच. परातीत पाणी घातल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं भिजलेल्या पिठातलीच एक मूठ तोडली, डब्यात ठेवता येईना, म्हणून तव्यावर लहान भाकरी टाकली आणि कढईवर राखण करणाऱ्या माणसाला नेऊन द्यायला मला पाठवलं.

ती 1998 मध्ये गेली, त्याच कोपऱ्यात, शेजारी. दोघांना माती परभणी जिल्ह्यात दिली. 1 मे 1999 ला नवा जिल्हा झाला आणि दोघं जागचे न हलता हिंगोली जिल्ह्यात गेले. बदलीची हौस आजोबांना नव्हतीच.

मूठ मी ठेवत नाही. शहरात पीठ पिशवीतून येतं, भाकरी पोळीवाल्या मावशी करतात, आणि खरं सांगायचं तर आजीनं मला दिलेल्या उत्तरातच मी अजून आहे. मंडळीत जन्मलो, पाणी पाळण्यात असताना पडलं. साक्ष द्यायला उभं राहा म्हणतात तेव्हा मी पणजीची गोष्ट सांगून खाली बसतो.

मागच्या वर्षी शिरडला गेलो होतो. शेत आता त्या विद्यार्थ्याच्या मुलाकडे आहे. सगळं ठिबकवर, गादीवाफे, हळद कमरेइतकी. ट्रॅक्टर कोपऱ्याशी येतो आणि वळतो. ती वळायची जागा जमिनीत उमटलेली आहे. दोन्ही थडग्यांवर आजीनं आजोबांसाठी लावलेली शेवंती पसरली होती, मला वाटलं होतं एव्हाना जळून गेली असेल.

मुलगा म्हणाला, "तुमच्यात पाणी घालतेत का वर?"

"नाही. तसं काही नसतं."

"मग काढू का?" त्यानं वाफ्याच्या टोकाकडे बोट केलं. मुख्य नळीला भोक पाडून एक बारीक काळी नळी शेवंतीपर्यंत आणली होती, तोंडाशी ड्रिपर.

मी नको म्हटलं. तो खाली बसला, ड्रिपर उपसून फुंकला, क्षार बसला होता तो नखानं काढला आणि परत लावला.